दारापुढचा कोबा आणि त्याची निगा

वसंतातील व्याख्यानांत इतिहास, वाङ्मय, धर्म आणि राजकारण यांना मानाचे स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु घराच्या फाटकापासून ओट्यापर्यंत घातलेला काँक्रीटचा कोबा हाही विचारास पात्र असा विषय आहे, असे आमचे मत आहे. सामान्य गृहस्थाची वर्षा-दोन वर्षांची शिल्लक त्यात जाते. ती शिल्लक दोन पावसाळ्यांत मातीला मिळाल्याची उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतात. दोष मग सिमेंटला दिला जातो, गवंड्याला दिला जातो, किंवा उन्हाला दिला जातो. यांपैकी कोणाचा किती, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

उदाहरणासाठी आम्ही हरसूल हे गाव घेतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ हे बाजाराचे गाव आहे. भोवताली कोकणा, वारली, महादेव कोळी यांचे पाडे, खाचरांत भात आणि उतारावर नागली-वरई. जिल्ह्यातील सर्वांत अधिक पाऊस इगतपुरी, त्र्यंबक आणि पेठ या पट्ट्यांत पडतो, आणि हरसूल त्या पट्ट्यातच येते. पण तेच पाणी डोंगरउतारावरून धावत निघून जाते आणि चैत्र-वैशाखात विहिरी तळाला लागतात. चार महिने धो धो पाऊस आणि पुढे कडक ऊन व पाण्याची टंचाई, ही दोन्ही टोके ज्या गावी आहेत, तेथे टिकेल तो कोबा महाराष्ट्रात कोठेही टिकेल.

या भागातील जुने अंगण मातीचे असे. ते चोपून, शेणाने सारवून ठेवीत. पावसाळ्यात ते खचे, दिवाळीपूर्वी पुन्हा नीट होई. म्हणजे त्या अंगणाला थोडी थोडी पण सततची निगा लागे. दारात मोटारसायकल, जीप किंवा ट्रॅक्टर आला, चिखलात चाके रुतू लागली, तेव्हा लोकांनी कोबा घातला. आणि त्याबरोबर एक समजूतही स्वीकारली, की आता कायमची सुटका झाली. खरी अडचण या समजुतीत आहे. सारवलेले अंगण निगा मागते ती आयुष्यभर आणि हप्त्याहप्त्याने. कोबा ती मागतो मुख्यतः जन्माच्या पहिल्या दहा दिवसांत, आणि पुढे वर्षातून दोन-तीन वेळा. पहिले दहा दिवस चुकले, तर पुढची दहा वर्षे ती चूक भरून निघत नाही.

याचे कारण समजण्यासाठी सिमेंट म्हणजे काय हे थोडक्यात पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली ज्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, त्याच नावाने आजचे सिमेंट ओळखले जाते. चुनखडी आणि मातीसारखे पदार्थ भट्टीत भाजून, दळून ही पूड करतात. तिच्यात पाणी मिसळले, की रासायनिक संयोग होऊन दगडासारखा नवा पदार्थ तयार होतो. पुष्कळांना वाटते, की काँक्रीट चिखलासारखे वाळून घट्ट होते. वस्तुतः काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. आतला ओलावा उडून गेला, की संयोगाची क्रिया थांबते आणि कोबा अर्धकच्चा राहतो. नीट ओल मिळाली, तर सात दिवसांत सुमारे दोन तृतीयांश बळ येते आणि अठ्ठावीस दिवसांत ठरलेले बळ पुरे होते.

आता वैशाखातील ऊन मनासमोर आणा. सकाळी दहा वाजता ओतलेला कोबा बारा वाजता वरून सुकू लागतो. वरचा थर आकसतो, खालचा अद्याप ओला असतो, आणि या ओढाताणीत पृष्ठभागावर केसासारख्या भेगांचे जाळे पडते. गवंडी सोयीसाठी आणखी एक बादली पाणी मिश्रणात ओततो. त्याने काम सैल होते, पण बळ घटते. पन्नास किलोच्या पिशवीला पंचवीस लिटर पाणी पुरे असता तीस लिटर घातले, तर बळाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. त्यावर कोणी कोरडी सिमेंटची पूड शिंपडून थापीने घोटतो. कोबा त्या दिवशी आरशासारखा दिसतो आणि वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात. तेव्हा पाणी हवे हे खरे, पण ते मिश्रणात बेताने आणि घातल्यानंतर सढळपणे. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते.

भारतीय मानकांनी याबाबत स्पष्ट सांगितले आहे. साध्या सिमेंटचे काम निदान सात दिवस ओले ठेवावे. हवा उष्ण व कोरडी असेल, तर निदान दहा दिवस. आणि राख मिसळलेले सिमेंट असेल, तर चौदा दिवसांपर्यंत ठेवणे चांगले. बाजारात मिळणाऱ्या पिशव्यांपैकी पुष्कळ पिशव्या अशा मिश्र सिमेंटच्या असतात. नाशिकजवळ एकलहरे येथील वीजकेंद्रात कोळसा जळून जी बारीक राख उरते, त्या जातीची राख त्यात असते. हे सिमेंट वाईट नाही. ते सावकाश बळ धरते, एवढेच. पिशवीवरचे नाव वाचून घेण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

येथे हरसूलचा खरा प्रश्न उभा राहतो. दहा फूट रुंद आणि तीस फूट लांब कोबा म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर जागा. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. आठ मिलिमीटर धरले, तरी या जागेवर रोज सव्वादोनशे लिटर पाणी लागेल. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर हे पंधरा हंडे झाले. दहा दिवसांचे दीडशे. ज्या पाड्यावर बाया-मुली उन्हातान्हात डोंगर उतरून डोक्यावर पाणी आणतात, तेथे दीडशे हंडे कोब्यावर ओतावयास कोण सांगेल? आणि न ओतले, तर घातलेले पैसे पाण्यात. ही कोंडी सिमेंटने निर्माण केलेली नाही. चुकीच्या ऋतूत काम काढल्याने ती निर्माण होते.

मग उपाय काय? पहिला उपाय पंचांगात आहे. कोबा दिवाळीनंतर, मार्गशीर्ष-पौषात घालावा. तेव्हा भाताची कापणी व झोडणी आटोपलेली असते, विहिरीला पाणी असते, ऊन सौम्य असते. अडचण अशी, की याच सुमारास या भागातील कितीतरी माणसे कामासाठी नाशिककडे, द्राक्षबागांवर किंवा बांधकामांवर निघून जातात. म्हणून गावातील माणसाला निघण्यापूर्वीच काम सांगावे, आणि त्याची मजुरी वेळेवर द्यावी. शहरातील इमारतींचे स्लॅब ज्यांच्या हातांनी ओतले जातात, त्यांना स्वतःच्या गावातला कोबा घालण्यासाठी कोणी शिकविण्याची गरज नाही. त्यांना वेळ आणि पाणी मिळाले पाहिजे.

दुसरा उपाय भाताच्या खळ्यावर आहे. काम बोटाने दबेनासे झाले, की त्यावर ओली गोणपाटे किंवा भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर पसरावा, तो भिजवावा आणि वरून प्लास्टिकचा कागद अंथरून कडा दगडांनी दाबाव्यात. पाणी उडून जावयास वाटच राहिली नाही, म्हणजे पंधरा हंड्यांचे काम दोन-तीन हंड्यांत भागते. मातीची आळी करून पाणी साठविण्याची रीत चांगली आहे, पण ती पाणी मुबलक असलेल्या गावाची रीत आहे. काही कारणाने उन्हाळ्यातच काम काढणे भाग पडले, तर ते उतरत्या उन्हात सुरू करावे, म्हणजे पहिली रात्र थंड मिळते. खडी सावलीत ठेवावी, खालचा मुरूम आधी भिजवावा. ओतण्याच्या वेळी मिश्रणाचे तापमान ४० अंशांपलीकडे जाऊ नये, असे मानक सांगते. तापलेल्या नव्या कोब्यावर भर दुपारी एकदम गार पाणी मारू नये. त्यानेही तडे जातात.

तडे हा शब्द आला म्हणून सांध्यांविषयी सांगितले पाहिजे. काँक्रीट तापले की फुगते आणि निवले की आकसते. दहा मीटर लांबीचा कोबा तीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो. तीन मिलिमीटर ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिला जागा दिली नाही, तर कोबा आपली जागा आपणच करून घेतो, आणि ती वेडीवाकडी असते. म्हणून चार इंच जाडीच्या कोब्याला आठ ते दहा फुटांवर सांधा द्यावा, आणि तो जाडीच्या निदान चौथ्या हिश्शाइतका खोल असावा. सांधा म्हणजे आपण ठरविलेल्या जागी पडलेली सरळ भेग. घराच्या जोत्याला कोबा चिकटवू नये. मध्ये डांबरी फळी किंवा तत्सम मऊ पदार्थ ठेवावा. भरलेला ट्रक येणार असेल, तर चार इंच पुरत नाहीत, सहा इंच जाडी हवी. हलके वाहन सात दिवसांनी आणि जड वाहन अठ्ठावीस दिवसांनी आणावे.

पुढची निगा अगदी थोडी आहे. हरसूलसारख्या गावी कोब्याचा वैरी उन्हापेक्षाही वाहते पाणी आहे. पन्नास फुटाला एक फूट एवढा उतार असावा आणि कडेने चर असावी. चर बुजली, तर पाणी कडेखाली शिरते, मुरूम धुऊन नेते, आणि आधार गेलेला कोबा चाकाखाली मोडतो. मृग नक्षत्रापूर्वी चर उपसावी. पावसाळा सरला, की खराट्याने शेवाळ घासून काढावे आणि कडेकडेने काठी आपटून पाहावी. आवाज पोकळ आला, तर तेथे मुरूम आणि बारीक खडी ठोकून भरावी. हिवाळ्यात कोबा आकसलेला असतो, भेगा व सांधे रुंद उघडलेले असतात, म्हणून ते स्वच्छ व कोरडे करून डांबर किंवा लवचीक लांबी भरण्यास तोच काळ उत्तम. हलत्या भेगेत सिमेंट भरू नये. ते कडक असल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात सुटते. खड्डा पडला असेल, तर त्याच्या कडा छिन्नीने चौकोनी व उभ्या करून, निदान इंचभर खोल करून, भिजवून मगच भरावा, आणि नव्या कामासारखाच ओला ठेवावा. वरवरचा लेप म्हणजे पैशांचा अपव्यय.

कोब्यावर काय सांडते, तेही पाहावे. इंजिनाचे तेल सांडले, तर राख किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावे. रासायनिक खताच्या फुटक्या गोण्या त्यावर ठेवू नयेत. काही खते सिमेंटला खातात. आंबलेला रस आणि गोमूत्र तेथे साचू देऊ नये. डाग काढण्यासाठी तेजाबाचा उपयोग तर मुळीच करू नये. डागाबरोबर कोब्याची कातडीही जाते.

इतके केले, तर काँक्रीट किती टिकते? अमेरिकेच्या ओहायो राज्यातील बेलफाँटेन गावी १८९१ साली घातलेला काँक्रीटचा रस्ता अजून दाखविला जातो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९४० च्या सुमारास झालेल्या काँक्रीटच्या रस्त्याने समुद्राचे वारे आणि मोटारींची गर्दी कित्येक दशके सोसली. तेव्हाचे सिमेंट आजच्याहून श्रेष्ठ होते म्हणून हे घडले, असे नाही. काम करणाऱ्यांनी घाई केली नाही, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

तात्पर्य, उष्ण हवेत कोबा टिकत नाही, हे विधान बरोबर नाही. उष्ण हवेत निष्काळजीपणा टिकत नाही, एवढेच खरे. आणि दुष्काळी उन्हाळ्यात गावाचे पाणी कोब्यावर ओतून जो गृहस्थ आपले अंगण पक्के करतो, त्याने हिशेबात शेजाऱ्याचे हंडेही धरले पाहिजेत. योग्य महिना निवडणे, पेंढा पसरणे आणि दहा दिवस धीर धरणे, यांना पैसा फार लागत नाही. आणि त्यांच्यावाचून खर्च केलेला पैसा मात्र सगळा व्यर्थ जातो.