चेहऱ्यावरचा वण : घाई नको, धास्तीही नको

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने आमच्या लोहाऱ्याजवळचं सास्तूर उद्ध्वस्त झालं. शेजारच्या मावशींच्या गालावर त्या पहाटेचा वण अजून आहे. त्यांची नात माझ्या शिकवणीला येते. मागे सायकलवरून पडून तिच्या हनुवटीला टाके पडले, तेव्हा आईला एकच घोर लागला, "हिचं लग्न कसं जमायचं?"

घाबरू नका. वण स्थिरावायला साधारण वर्ष लागतं. लाली पुष्कळदा आपोआप ओसरते. तोवर ऊन टाळा, डॉक्टरांना विचारून सिलिकॉनचं मलम लावा. लिंबू, टूथपेस्ट मुळीच नको. मग प्लास्टिक सर्जनना दाखवा. रुंद वण कापून, चेहऱ्याच्या घडीत बसेल असा बारीक शिवतात. खड्ड्यांना लेसरचा उपयोग होतो. वाढत जाणारा, खाजणारा कीलॉइड मात्र नुसता कापला तर पुन्हा वाढू शकतो. त्यात इंजेक्शनंही द्यावी लागतात.

वण पुसला जात नाही, ठळकाचा फिकट होतो, हे आधीच समजून घ्या. आणि मुलीला विचारा! मावशी नातीला म्हणाल्या, "पोरी, ह्याच गालानं मी संसार केला. तुला वाटलं तर कर, लोकांसाठी नको."