बागेतले कासव आणि पेटीतली अंडी

इ. स. १७८०च्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील रिंगमर गावाहून सेलबोर्नकडे, म्हणजे सुमारे ८० मैलांच्या मजलीवर, एक घोडागाडी निघाली. तीत गिल्बर्ट व्हाइट नावाचे धर्मोपदेशक बसले होते आणि त्यांच्यासोबत, मातीने भरलेल्या एका पेटीत, हिवाळ्याची निद्रा अद्याप पुरी न झालेले एक कासव होते. व्हाइटसाहेबांच्या आत्याबाई नुकत्याच निवर्तल्या होत्या, आणि त्यांच्या अंगणात कित्येक दशके नांदलेला हा जीव वारसाहक्काने भाच्याकडे चालला होता. गाडीच्या धक्क्यांनी त्याची झोप मोडली. सेलबोर्नला उतरताच त्याने बागेच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या घातल्या आणि थंडी जाणवताच तो पुन्हा मातीत शिरला. व्हाइट यांचा सेलबोर्नच्या निसर्गेतिहासाचा ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यासोबत टिमथी नावाचे हे कासवही अजरामर झाले. मात्र पुढे त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पोहोचल्यावर तज्ज्ञांनी निर्वाळा दिला, की टिमथी ही मादी होती.

ही चूक एकट्या व्हाइटसाहेबांची नव्हे. क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटिश आरमाराच्या जहाजावर शुभचिन्ह म्हणून मिरवलेले आणि पुढे डेव्हन परगण्यातील पाउडरम किल्ल्यात निवृत्तीचे आयुष्य कंठून २००४ साली मेलेले दुसरे एक टिमथीसुद्धा मादीच निघाले. १९२६ साली मालकांनी त्याचा वंश वाढवण्याची तजवीज केली, तेव्हा हे बिंग फुटले! बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमातील फ्रेड हे कासवही यथावकाश फ्रेडा झाले. वस्तुतः ओळख अवघड नाही: नराची शेपटी लांब व जाड असते आणि पोटाकडील कवच खोलगट असते, तर मादीची शेपटी आखूड व पोट सपाट. परंतु ज्या प्राण्याला उलटे करून पाहण्याची गरजच कोणास वाटली नाही, त्याचे लिंग समजावे कसे? आणि गरज न वाटण्याचे कारण असे, की इंग्लंडच्या बागेत कासवाला पिले होतात हेच मुळी फारसे कोणी पाहिले नव्हते.

भूमध्य समुद्राकाठच्या मुलखातील मादी उन्हाने तापलेल्या उतारावर मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात मोजकी अंडी घालते, माती लोटते आणि पोटाच्या कवचाने ती दाबून, मागे वळूनही न पाहता, निघून जाते. पुढचे सारे सूर्य पाहतो. इंग्लंडच्या सूर्यावर मात्र ही भिस्त ठेवता येत नाही. तेथील माती उन्हाळ्यातही इतकी थंड, की अंडी कुजत असत आणि मालकाला त्यांचा पत्ताही नसे.

शिवाय नवे कासव स्वस्त होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोरोक्को, तुर्कस्तान, ग्रीस आणि युगोस्लाव्हिया येथून कासवांची खोकीच्या खोकी ब्रिटनमध्ये उतरत. पोरांच्या हट्टासाठी ती घेतली जात, त्यांना पावरोटी आणि काकडी खाऊ घातली जाई, आणि त्यांतली असंख्य पहिल्याच हिवाळ्यात दगावत. कासव मरायलाही सावकाशी घेते, हे त्याचे दुर्दैव. महिनोन्महिने उपाशी राहूनही ते कुरकुरत नाही, म्हणून त्याला काही कमी पडत आहे अशी शंकाही कोणास येत नसे. अखेर १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाच्या नियमांनी या कासवांच्या व्यापारी आयातीला मनाई झाली. माझ्या मते कासवपालनाच्या विद्येचा खरा प्रारंभ या मनाईपासून धरावा. बाहेरून येणारा पुरवठा बंद झाला, तेव्हा कोठे लोकांना बागेत सापडलेल्या अंड्याची किंमत कळली.

ते अंडे उचलण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मादी तोंडचा पाला टाकून येरझारा घालू लागली, दोन-चार ठिकाणी उकरून पाहू लागली, की पाळणारा सावध होतो. तिचे काम उरकल्यावर तो बोटांनी माती बाजूला सारतो आणि अंडे जागचे हलवण्यापूर्वी त्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करतो. कोंबडी आपली अंडी वरचेवर फिरवते. कासवाच्या अंड्याला तेच घातक ठरते, कारण आतला गर्भ लौकरच कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो आणि अंडे उलटल्यास त्याचा अंत होतो. म्हणून खुणेची बाजू शेवटपर्यंत वरच राहते. व्हर्मिक्युलाइट या ओल धरणाऱ्या खनिजाच्या दमट चुऱ्यात अंडी निम्मी रुतवून ती उबवणपेटीत ठेवतात. हवेत ओल राहावी म्हणून शेजारी पाण्याची बशी असते, पण झाकणावरचे थेंब अंड्यांवर ठिबकणार नाहीत याचाही बंदोबस्त करावा लागतो.

आता पेटीतील उष्णतेविषयी. मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने १९६६ साली एका जातीच्या सरड्याविषयी दाखवून दिले, की अपत्याचे लिंग अंड्याच्या उबेवर ठरते. पुढे क्लोद पिओ या संशोधकाने कासवांतही हाच प्रकार सिद्ध केला. भूमध्यप्रदेशीय कासवांच्या बाबतीत साधारणतः ३० अंशांखाली नर, ३२ अंशांवर माद्या, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही. ज्या कामनेपायी आपल्याकडे राजेरजवाड्यांनी यज्ञ मांडले, ती येथे तापनियंत्रकाचा खटका फिरवल्याने सिद्धीस जाते. पाउडरमच्या मालकांना हे शास्त्र उपलब्ध असते, तरी आधी टिमथीला उलटे करून पाहणे भागच होते.

आठ ते बारा आठवड्यांनी नाकाच्या टोकावरील इवल्या दंताने पिलू कवचाला भोक पाडते आणि मग, जणू तेवढ्यानेच दमले असावे तसे, दिवस दिवस आतच बसून राहते. येथे हौशी माणसाची परीक्षा असते. कवच सोलून त्याला बाहेर काढण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण पोटाखाली बलकाची पिशवी अजून लोंबत असते आणि ती शरीरात शोषली गेल्यावाचून बाहेर येणे त्याला सोसत नाही. बाहेर आलेले पिलू मधोमध दुमडल्यासारखे दिसते. ती घडी काही दिवसांत उलगडते. त्याला कोमट पाण्याची उथळ आंघोळ, रानपाल्याची कोवळी पाने, चुन्यासाठी माकुळाचे हाड आणि अतिनील किरणांचा दिवा लागतो.

हिवाळी निद्रेसाठी आता बागेपेक्षा घरातील फ्रिजवर अधिक विश्वास ठेवतात. लोण्याच्या शेजारी, पाच अंशांच्या आसपास, कासव निजते. हवा बदलावी म्हणून मधून मधून दार उघडले जाते. पारा गोठणबिंदूखाली गेला तर डोळे जाऊ शकतात, म्हणून आत तापमापक टांगलेला असतो. निजवण्यापूर्वी पोट रिकामे झाले आहे ना हे पाहतात, आणि वजन व लांबी टिपून ठेवतात.

हे सारे वाचून कोणाला उबवणपेटीची हौस आली, तर कायद्याचा दाखला देणे प्राप्त आहे. आपल्याकडील तारांकित कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिलेले असून २०२२च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेले आहे. भाग्य उजळण्यासाठी ते दिवाणखान्यात ठेवणे हा गुन्हा होय. ज्यांच्या घरी ते आधीच आले असेल, त्यांनी ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. पुण्य लागेल या समजुतीने ते गावच्या विहिरीत मात्र सोडू नये, कारण हे कासव जमिनीवरचे आहे, त्याला पोहता येत नाही.