हातशिलाईची पर्स

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांच्या पश्चिमेस, जेथे सह्याद्रीची धार कोकणाकडे कलते, त्या डोंगरउतारांवर हिरड्याची झाडे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. त्यांच्या वाळलेल्या फळात सुमारे ३० टक्के जे कषायद्रव्य असते त्याच्याच गुणाने कुजून जाणारे कातडे टिकाऊ चामड्यात परिणत होते, ही गोष्ट भाटघरचे धरण पाहावयास येणाऱ्या आणि खांद्यावर चामड्याची पर्स अडकवलेल्या किती जणांच्या ध्यानी असेल?

वेळवंडी नदीवरील हे धरण १९२८ साली पूर्णत्वास गेले. त्याच्या पाण्याने नीरेच्या कालव्यांखालील मुलूख भिजू लागला, आणि जेथे पाट आला तेथे विहिरीवरच्या मोटेची निकड सरली. मोट म्हणजे चर्मकाराच्या कौशल्याची कसोटी होती. वादीने शिवलेला त्या प्रचंड चामडी पात्राचा सांधा गळला तर सारे पीक करपावयाचे. त्या कामाच्या मोबदल्यात गावाने त्याला बलुत्याचे धान्य दिले, परंतु कातडे कमावणाऱ्या ढोरांना आणि ते शिवणाऱ्या चांभारांना वस्ती मात्र गावकुसाला लागून किंवा त्याबाहेर दिली. पुढे काळाने आणखी एक वळण घेतले. भोर संस्थानाच्या अमदानीतच नोंदल्या गेलेल्या भोर इंडस्ट्रीज या कंपनीने प्लास्टिकचा थर दिलेले चामडेवजा कापड तयार केले, आणि त्या कापडासाठी लागणाऱ्या कच्च्या पापुद्र्यावर अबकारी बसते की नाही हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८९ साली कंपनीच्या बाजूने निकालात निघाला. हिरड्याच्या मुलखाचे नाव अशा रीतीने नकली चामड्याच्या दफ्तरात अमर झाले, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

पॅरिसमध्ये याच्या अगदी उलट घडले. एर्मेस या पेढीचा आरंभ १८३७ साली घोड्यांचा साज शिवणाऱ्या कारखान्याने झाला, आणि तिच्या पर्सची जी ख्याती आज जगभर आहे तिचे मूळ त्या साजाच्या टाक्यातच आहे. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून प्रत्येक छिद्रातून त्या परस्परविरुद्ध दिशांनी काढल्या, की दोऱ्याचे दोन पदर एकाच शिवणीत नांदतात. त्यांतील एक झिजून तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो; यंत्राच्या शिलाईत मात्र वरचा आणि खालचा दोरा केवळ एकमेकांत अडकलेले असल्यामुळे एक तुटताच शेजारचे टाके ढिले पडू लागतात. या पेढीने जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी प्रथम घडवलेली पर्स जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली.

तोच टाका घरी, ओसरीवर बसून घालता येतो, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आधी जाड पुठ्ठ्याचे नमुने कापून, ते चिकटपट्टीने जोडून, पर्सचे तोंड पुरेसे उघडते की नाही आणि बंद खांद्यावर कसा बसतो हे पाहून घ्यावे, कारण चामड्याला पडलेले छिद्र पुन्हा बुजत नाही. चामडे साधारण दीड मिलिमीटर जाडीचे, हिरडा किंवा बाभळीच्या सालीत कमावलेले असावे. जनावराच्या पाठीचा भाग घट्ट असतो आणि पोटाकडचा ताणला जातो, म्हणून बंद नेहमी पाठीच्या भागातूनच काढावा. जेथे दोन पदर दुमडून एकत्र यावयाचे तेथील कड आतल्या अंगाने रापीने पातळ तासावी. हे काम नवशिक्यास सर्वांत अवघड, आणि रापीला धार नसेल तर अशक्यच. मग कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढून, तीन-चार मिलिमीटरवर खुणा करून, लाकडी चिमट्यात धरलेल्या पदरांतून आरी सरळ पार करावी. दोरा मेण चोळलेला, शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट. प्रत्येक टाका समान ताणाने ओढण्याची सवय हाताला लागेपर्यंत शिवण वाकडी दिसते, आणि ही सवय केवळ शिवत राहिल्यानेच लागते. तळाचे दोन्ही कोपरे, जेथे बाजूची पट्टी वळण घेते, तेथे घाई केली तर सुरकुती पडते व ती जन्मभर दिसते. शेवटी उघड्या कडा काचकागदाने सपाट करून, किंचित ओलावून, डिंकाचा हात देऊन लाकडाने चकाकी येईपर्यंत घासाव्यात. बाजारातील क्रोमच्या क्षारांत कमावलेल्या मऊ चामड्याला अशी कड येत नाही.

नामांकित पर्सच्या घाटावरून स्फूर्ती घेण्यात गैर काही नाही. आपल्या कायद्याने नोंदलेल्या आकृतीचे संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षे टिकते, परंतु पेढीचे नाव व मुद्रा यांची नोंद दर दहा वर्षांनी नवी करून कायम राखता येते. तेव्हा घाट पाहावा, मुद्रा उचलू नये. उसनवारीचा प्रामाणिकपणा मोठ्या पेढ्यांनाही लागू आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलान येथे कोल्हापुरी चपलांच्या धर्तीची पादत्राणे आपल्या नावाने मिरवली. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन असताना कारागिरांचा उल्लेखही तेथे नव्हता, आणि महाराष्ट्रातून ओरड झाल्यावरच पेढीने ते ऋण मान्य केले. जो टाका पॅरिसमध्ये कला ठरून लाखांनी विकला जातो, तोच आपल्या गावी विटाळाचा धंदा मानला गेला, हा आपला सामाजिक अन्याय होय. परदेशी पेढीकडून पोचपावती मागण्यापूर्वी तो आपण कबूल केला पाहिजे.

म्हणून ज्या वाचकांना घरी पर्स शिवण्याची हौस असेल त्यांनी चामडे घेताना ते कशात कमावले आहे हे विचारूनच घ्यावे, आणि पुस्तकी आकृत्यांवर विसंबण्याऐवजी आपल्या बाजारपेठेतील एखाद्या चर्मकाराकडे मानाने बसून रापी आणि आरी चालवावयास शिकावे, त्या शिकवणीचे मोल त्यास रोख द्यावे.