शुक्रजननातील दोष आणि त्याच्या खुणा

‘वांझ’ हा शब्द आपल्या भाषेत बहुधा स्त्रीलाच लावला गेला. अपत्यहीनतेचे कारण पुरुषाच्या ठायी असू शकेल, ही शक्यता त्या प्रयोगाने जणू आधीच वगळली. वैद्यकाची परिभाषाही या बाबतीत अगदी निर्दोष नाही. अंडाशयातील पुटकांवरून ‘पुटकोद्दीपक’ असे नाव पडलेले हॉर्मोन पुरुषाच्या शरीरातही असते आणि शुक्रजननास साहाय्य करते.

पोष ग्रंथीतून स्रवणारे हे हॉर्मोन वृषणातील सर्टोली पेशींवर कार्य करते. या पेशी ‘इनहिबिन-बी’ निर्माण करून पोष ग्रंथीस आवर घालतात. शुक्रजनन खालावले म्हणजे बहुधा इनहिबिन-बी घटते, आवर सुटतो आणि पुटकोद्दीपक हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण वाढते. वीर्यात शुक्राणू मुळीच न आढळल्यास, त्यांची निर्मिती मंदावली आहे की केवळ वाट अडली आहे, याचा पहिला अंदाज या खुणांवरून बांधता येतो. मात्र शुक्राणूंची वाढ मध्येच थांबली असेल, तर हे प्रमाण प्राकृतही राहते. उलट ते फार कमी असेल, तर मूळ दोष पोष ग्रंथीत किंवा अधोथॅलॅमसमध्ये असण्याचा संभव असतो. असा दोष पुष्कळदा उपचारसाध्य असतो.

ऊतकाची साक्ष निराळी. १९७० साली जॉन्सेन यांनी शुक्रजनक नलिकांसाठी १ ते १० गुणांची श्रेणी मांडली: १० म्हणजे पूर्ण शुक्रजनन, २ म्हणजे केवळ सर्टोली पेशी, १ म्हणजे नलिकेत पेशीच नाहीत. परंतु तपासलेला तुकडा लहान असतो. एका जागी काही नसले, तरी शेजारी शुक्राणू असू शकतात. म्हणूनच १९९९ साली श्लेगेल यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली भरीव नलिका शोधण्याची पद्धती पुढे आणली. पुटकोद्दीपक हॉर्मोन वाढलेल्या काही पुरुषांतही तिने शुक्राणू मिळतात.

शब्दाचा अर्थ जसा वाक्यात ठरतो, तसा खुणेचा अर्थ इतर खुणांच्या संगतीत ठरतो. हॉर्मोन सबंध वृषणाविषयी सांगते, ऊतक एका जागेविषयी. यांपैकी एकीलाच अंतिम निर्णय मानणे म्हणजे एका शब्दावरून दांपत्याचे भवितव्य वाचणे होय. ‘वांझ’ या शब्दाने तेच केले होते.