ब्राउझरच्या समांतर जोडण्या

समांतर जोडण्या म्हणजे संकेतस्थळ उघडताना ब्राउझरने (न्याहाळकाने) एकाच सर्व्हरशी एकाच वेळी प्रस्थापित केलेले अनेक स्वतंत्र टीसीपी संपर्क होत. मागणी आणि उत्तर यांच्या प्रवासात जाणारा वेळ वाचवणे, हा त्यांचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

संकेतस्थळाचे पान ही एकच फाइल नसते. मजकूर, चित्रे, मांडणीच्या सूचना व जावास्क्रिप्ट या फाइली स्वतंत्रपणे मागवाव्या लागतात. एचटीटीपी १.१ या प्रोटोकॉलनुसार एका जोडणीवर उत्तरे मागण्यांच्याच क्रमाने द्यावी लागतात. त्यामुळे एक मोठे चित्र अडले की त्यामागील सर्व फाइली खोळंबतात.

अंतर आणि विलंब

सातारा किंवा सांगली येथून मराठी विकिपीडिया वाचणाऱ्याची मागणी सर्वसाधारणपणे विकिमीडियाच्या सिंगापूर येथील डेटा सेंटरकडे जाते. हे केंद्र २०१८ मध्ये कार्यान्वित झाले. सातारा ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३,७०० किमी असून सांगलीपासूनचे अंतर त्याहून किंचित कमी आहे. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. म्हणजे तंतू सरळ रेषेत टाकला आहे असे मानले, तरी एका ये-जा फेरीस किमान ३७ मिलिसेकंद लागतात. इंटरनेटचा वेग (बँडविड्थ) वाढवून हा काळ कमी होत नाही.

एखाद्या लेखातील २४ लहान चित्रे एचटीटीपी १.१ च्या पद्धतीने एकाच जोडणीवरून एकामागून एक मागवल्यास केवळ ये-जा करण्यात ८८८ मिलिसेकंद जातील. सहा जोडण्या असल्यास चारच फेऱ्या पुरतात आणि हा काळ १४८ मिलिसेकंदांवर येतो.

आणखी एक कारण म्हणजे टीसीपीची सावध सुरुवात. नव्या जोडणीवर प्रारंभी मोजकीच पॅकेट पाठवली जातात आणि पोच मिळेल तसे प्रमाण वाढवले जाते. सहा जोडण्यांमुळे आरंभीच सहापट पॅकेट पाठवता येतात.

मर्यादा

प्रत्येक जोडणी प्रस्थापित करण्यास किमान एक फेरी खर्च होते, सुरक्षित जोडणीस त्याहून अधिक. सर्व्हरची स्मृती व्यापली जाते. एकाच वाहिनीवर अनेक जण असतील, तर अधिक जोडण्या उघडणाऱ्यास अधिक वाटा मिळतो आणि इतरांवर अन्याय होतो. म्हणूनच १९९७ च्या एचटीटीपी १.१ मानकाने एका सर्व्हरशी दोनच जोडण्या ठेवाव्यात असे सुचवले होते. पाने जड होत गेली, तसे २००८ च्या सुमारास ब्राउझर सहा जोडण्या उघडू लागले. २०१४ च्या सुधारित मानकातून ठरावीक संख्येचा उल्लेख वगळण्यात आला.

नंतरचे बदल

२०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीवरून अनेक फाइली एकत्र येऊ शकतात, त्यामुळे सहा जोडण्यांची गरज बहुतांशी संपली. तथापि त्यात एक दोष राहिला. एखादे पॅकेट हरवल्यास ते पुन्हा येईपर्यंत त्या जोडणीवरील सर्वच फाइली थांबतात. जुन्या पद्धतीत सहापैकी एकच जोडणी थांबत असे. डोंगराळ भागातील क्षीण मोबाइल संकेतावर हा फरक जाणवू शकतो. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी ३ मध्ये टीसीपीऐवजी क्विक हा प्रोटोकॉल वापरला जातो. त्यात प्रत्येक फाइलचा प्रवाह स्वतंत्र असल्याने ज्या फाइलचे पॅकेट हरवते, सहसा तीच थांबते.