झडपांची घरघर

डॉक्टर छातीवर नळी टेकवून ऐकत राहतात, तेव्हा ते ठोके मोजत असतील असे आपल्याला वाटते. पण ठोके मोजावयाला मनगटावरची नाडी पुरे. नळीतून मुख्यतः ऐकावयाच्या असतात त्या हृदयाच्या झडपा.

हृदयाचे कप्पे चार, दोन वर, दोन खाली. वरच्यातून खालच्यात रक्त उतरते तेथे दोन झडपा, आणि खालच्यातून मोठ्या रक्तवाहिन्यांत जाते तेथे दोन. हृदय आकुंचन पावू लागले की पहिली जोडी मिटते, हा 'लब्'. आकुंचन संपले की दुसरी मिटते, हा 'डब्'. म्हणजे आपण ज्याला ठोका म्हणतो तो दारे लागल्याचा आवाज होय. एरवी निरोगी हृदयात बहुधा शांतताच असते. पाटाचे पाणी संथ वाहत असले तर त्याचा आवाज होत नाही. पण दार अर्धवटच उघडले किंवा फळीला फट राहिली, की तेथे खळखळ सुरू होते. रक्ताचेही तसेच. या आवाजाला इंग्रजी वैद्यकात 'मर्मर' म्हणतात. वाळल्या पानांच्या सळसळीला संस्कृतातही हाच शब्द आहे, हा योग मोठा मजेचा!

१८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी करून ती छातीवर ठेवली, आणि आवाज नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट आला. आजच्या नळीचा जन्म त्या संकोचातून झाला.

आवाज सापडला की दोन गोष्टी पाहावयाच्या: तो केव्हा येतो आणि कोठे येतो. डावीकडची द्विदल झडप गळत असेल तर 'लब्'पासून 'डब्'पर्यंत फुंकर घातल्यासारखा आवाज येतो आणि काखेकडे पसरतो. महाधमनीच्या तोंडची झडप अरुंद झाली, आणि उतारवयात ती पुष्कळदा होते, तर खरखरीत आवाज चढत जाऊन उतरतो आणि मानेत ऐकू येतो.

पण आपल्या देशात विशेष सावधपणे ऐकावयाचा आवाज निराळाच आहे. द्विदल झडपेची वाट मोठ्या माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. सांधेतापाने, म्हणजे र्‍हुमॅटिक तापाने, तिच्या पाकळ्या कडेने चिकटतात आणि ती वाट दीडाच्याही खाली येते. मग 'लब्' एकदम मोठा होतो. 'डब्'नंतर ताठरलेली झडप उघडताना बारीकसा 'टक्' येतो. आणि त्यामागून पहाटे दूरच्या घरात जाते फिरत असावे तशी खालच्या पट्टीतली घरघर. 'डब्' आणि 'टक्' यांतले अंतर जितके कमी, तितकी वाट अधिक अरुंद.

ही घरघर हुलकावणी देण्यात पटाईत! रोग्याला डाव्या कुशीवर वळवून नळीचे पेल्यासारखे टोक अलगद टेकवले तरच ती नीट ऐकू येते. दाबले की बुजते. घाईच्या दवाखान्यात ती निसटली, तर विशीतल्या सुनेची धाप अशक्तपणाच्या नावावर जाते, आणि थुंकीतले रक्त क्षयाच्या. पुढे दिवस राहिले की शरीरातले रक्त दीडपटीच्या आसपास वाढते. एवढे रक्त त्या चिंचोळ्या वाटेने जाईना, म्हणून ते फुप्फुसांत तुंबते. असा प्रसंग जिवावर बेततो.

आवाज मोठा म्हणजे रोग मोठा, असे मात्र नाही. हृदय थकले की आवाज उलट मंदावतो. शिवाय पुष्कळ निरोगी मुलांतही 'लब्'नंतर हलकीशी फुंकर ऐकू येते. ती निरुपद्रवी असते. आईने घाबरून मुलाचे खेळणे बंद करू नये. 'डब्'नंतरची घरघर मात्र कधीही किरकोळ समजू नये.

आता प्रतिध्वनीच्या यंत्रावर, इको म्हणतात त्यावर, झडपा हलताना दिसतात. कानाला न सापडणारे दोषही त्यात सापडतात, म्हणून संशय असेल तेथे केवळ नळीवर विसंबू नये. तरी ते यंत्र प्रत्येक गावी नाही, आणि कोणाला त्याकडे धाडावयाचे हे अजूनही पुष्कळदा नळीच ठरवते. निदान वेळेवर झाले तर उपाय आहे. १९८२ साली जपानच्या इनौए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या पाकळ्या मोकळ्या केल्या. छाती न उघडता होणारे हे काम आज आपल्याकडेही होते.

याची सुरुवात बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या घशात होते. विशिष्ट जंतूंनी घसा सुजतो, बरा होतो, आणि दोनतीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे दुखू लागतात. घशाच्या दुखण्यावर पहिल्या नऊ दिवसांत पेनिसिलिन मिळाले तर हा ताप बहुतेक टळतो. एकदा तो येऊन गेला असेल, तर दर तीनचार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे घ्यावी लागते. सुई दुखते, मूल धडधाकट दिसते, आणि मग कोणीतरी म्हणते, "आता कशाला?" नेमके तेथेच औषध सुटते, पुढच्या तापात झडप आणखी आखडते.