किल्लारीची मुलं, पुण्याचे वर्ग

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची मिरवणूक संपवून लोक नुकते झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपानं लातूर-उस्मानाबाद हादरलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, अशी घरं माणसांवरच कोसळली. सुमारे दहा हजार गेले.

शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेनं तिथली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी शैक्षणिक संकुल उभं राहिलं. मी तेव्हा संत तुकाराम नगरात राहायचे, गणित शिकवायचे. शाळा सुटली की अशा मुलांच्या जादा वर्गाला जायचे.

जुन्या कपड्यांची गाठोडी रोज यायची (त्यात शालू का असतो, देव जाणे), पण रोज येणारा शिक्षक मिळणं कठीण. संकटातून आलेल्या मुलाला आधी वेळापत्रक लागतं: ठरल्या वेळी तीच बाई, तोच बाक. ‘तुझ्या घरी काय झालं?’ हा प्रश्न कुणी विचारायचा नाही, हे आम्ही ठरवून टाकलं होतं. मूल बोललंच तर ऐकायचं.

बाहेरून मोठा ट्रक गेला की अख्खा वर्ग दाराकडे पळायचा. मग मी दार उघडंच ठेवू लागले आणि दारालगतच्या जागेसाठी पाळ्या लावल्या. पहिली पाळी मागणारा मुलगा पाढ्यांत पक्का होता. चपातीवर मात्र रुसायचा, त्याला ज्वारीची भाकरीच हवी. त्याचा शाळेचा दाखला ढिगाऱ्यात गेलेला. जन्मतारखेसाठी चुलत्याला पत्र धाडलं, तर उत्तर आलं: ‘पोळ्याच्या आसपास.’